आधी वैद्याला गाठा!

पत्र असं आहे :

‘दादा, नमस्कार. मी आणि माझा नवरा रात्री जेवणं-भांडी उरकली की ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातला ऑनलाइन खेळ खेळायला बसतो. तो मारामारीवाला, मी अवशेष धुंडाळणारी. हेरॉन नावाचं जहाज घेऊन पडक्या साइट शोधते, रेलिक अ‍ॅनलायझर लावते आणि हॅकिंगचा तो जाळीचा खेळ खेळते : एकेक नोड उघडत कोअर शोधायचा, तो फोडला की डबा उघडतो. सोपे डबे उघडतात. कोअर लाल, म्हणजे सगळ्यांत अवघड, निघाला की मात्र हमखास हरते. सगळ्यांत जास्त छळतो तो रिस्टोरेशन नोड. मी फायरवॉल फोडत बसते आणि तो मागून ती भरत बसतो. मागच्या शनिवारी एकाच साइटवर पाचांतले चार डबे फुटले. नवरा खुर्चीमागे उभा राहून ‘मार, मार, कुणीतरी येईल’ म्हणत असतो आणि हरले की म्हणतो, ‘हे सगळं नशीब गं, तुझी चूक नाही.’ त्याचा मला जास्तच राग येतो. आर्किऑलॉजीचं कौशल्य तिसऱ्या लेव्हलला आहे, अ‍ॅनलायझर साधा पहिलाच. आम्ही रात्री साडेबारा-एकला बसतो, तेव्हा गर्दी नसते म्हणून. माझं नेमकं काय चुकतंय? – डबेफोडी, कोल्हापूर’

डबेफोडीताई, नमस्कार.

आधी तुमच्या यजमानांचा मुद्दा निकालात काढू, म्हणजे तुमचा राग थोडा उतरेल. ते म्हणतात ते एकेकाळी अगदी खरं होतं. हा जाळीचा खेळ जून २०१३ मध्ये ‘ओडिसी’ या विस्ताराबरोबर आला. त्याआधी डब्यावर मॉड्यूल चालू करायचं आणि टक्क्यांच्या भरवशावर वाट बघत बसायचं, एवढंच काम होतं. उघडला तर उघडला. तेव्हा नशीब म्हणणाऱ्याला कुणी खोटं ठरवलं नसतं. आता जाळीत कुठे काय दडलंय हे नशिबावर आहे, पण समोर आलेल्यातलं आधी कशाला हात लावायचा आणि कशाला अजिबात नाही, हे तुमच्यावर. चार डबे गेले ते बहुतेक या दुसऱ्या खात्यात.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : ‘मी फायरवॉल फोडत बसते आणि तो मागून ती भरत बसतो.’ ताई, रोग इथेच आहे. रिस्टोरेशन नोड म्हणजे शत्रूच्या छावणीतला वैद्य. तो स्वतः फारसा लागत नाही, त्याची मारण्याची ताकद कमी असते, म्हणून आपण त्याला ‘बघू नंतर’ म्हणून सोडतो आणि अंगावर येणाऱ्या पहिलवानाशी झुंजत राहतो. वैद्य मात्र प्रत्येक खेळीला दुसऱ्या कुठल्यातरी उघड्या बचाव-नोडला (फायरवॉल त्यांतलीच एक) वीसपर्यंत कोहेरन्स, म्हणजे जीव, परत देतो.

आता तुमचे आकडे घेऊन बसू. साध्या अ‍ॅनलायझरची स्ट्रेंग्थ, म्हणजे मारण्याची ताकद, २० आणि कोहेरन्स ४०. आर्किऑलॉजीच्या प्रत्येक लेव्हलला कोहेरन्स १० ने वाढतो, म्हणजे तुमचा ७०. हेरॉनमुळे स्ट्रेंग्थमध्ये ५ ची भर, म्हणजे २५. हे दोन आकडे तुमचं भांडवल. कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, हसू नका.

खेळात एका टोल्याचा हिशेब असा असतो : आधी तुम्ही मारता, तुमच्या स्ट्रेंग्थएवढा समोरच्याचा कोहेरन्स उतरतो. तो त्यातूनही जगला तर उलट मारतो आणि त्याच्या स्ट्रेंग्थएवढा तुमचा कोहेरन्स जातो. ज्या टोल्याला तो मरतो, त्या टोल्याचं उत्तर येत नाही. म्हणजे तीन टोल्यांत मरणारा तुम्हाला दोनदाच मारणार.

समजा समोर फायरवॉल आहे, कोहेरन्स ७० आणि स्ट्रेंग्थ १५. एकटी असेल तर तीन टोले, दोन उत्तरं, ३० चा खर्च. परवडतं. पण वैद्य जिवंत आहे आणि त्याने हीच फायरवॉल धरली आहे. तुम्ही २५ उतरवलेत, त्याने २० भरले. ७० ची ६५ झाली. पुन्हा टोला, ६०. पुन्हा, ५५. प्रत्येक वेळी तुमचे १५ जाताहेत आणि तिचे निव्वळ ५. पाचव्या टोल्याला तुम्ही संपलात, ती अजून उभी. याला नशीब म्हणत नाहीत, ताई, ही गळकी टाकी भरणं आहे.

म्हणून वैद्य दिसला की पहिला तोच. समजा त्याचा कोहेरन्स ८० आणि स्ट्रेंग्थ १०. तुमच्या २५ ने चार टोले, तीन उत्तरं, ३० गेले. त्यानंतर ती ७० ची फायरवॉल वाटेत आलीच तर आणखी ३०. हातात १० उरतात. तोकडे आहेत, पण जिवंत आहात. (हे आकडे मी हिशेबासाठी घेतलेत. खरे आकडे त्या त्या नोडवरच लिहिलेले दिसतात, माराआधी वाचायची सवय लावा.)

आणि यातली गोम अशी : वैद्य एकटाच उघडा असेल तर त्याला भरायला कुणी रुग्णच नाही. तो उघडल्यावर दुसरा कुठलाही नवा नोड उघडायचा नाही. सगळं सोडून आधी त्याला संपवायचा. आपण इथेच चुकतो. ‘बघू तरी शेजारी काय आहे’ म्हणून बोट जातं, शेजारी निघते फायरवॉल, आणि वैद्याला आपणच गिऱ्हाईक आणून देतो. मी हे स्वतः किती वेळा केलंय याचा आकडा छापण्यालायक नाही.

वैद्यापेक्षा आधी मारावा असा एकच आहे, सप्रेसर. तो उघडा असेपर्यंत तुमची स्ट्रेंग्थ १५ ने खाली. तुमच्या २५ चे १० होतात. दहाच्या टोल्याने वैद्याशी लढायला गेलात तर आयुष्य जाईल. दोघं एकत्र उघडे पडले, वैद्य सप्रेसरला भरायला लागला आणि हातात एकही युटिलिटी (जाळीत सापडणारं मदतीचं हत्यार) नसली, तर तो डबा गेला असं समजा आणि चहा टाका.

अँटीव्हायरसबद्दल लोक उगाच घाबरतात. त्याचा कोहेरन्स कमी, पण मार जबरदस्त. ४० कोहेरन्स आणि ४० मार असा एखादा निघाला तर तुम्हाला दोन टोले लागतील आणि मधल्या एकाच उत्तरात तुमचे ४० जातील, सत्तरातले. म्हणजे त्याला हात लावायचाच नसतो, जोवर तो वाट अडवत नाही. बचाव-नोड उघडला की तो स्वतःभोवतीचे न उघडलेले नोड बंद करतो, एवढंच त्याचं उपद्रवमूल्य. दुसरीकडून वाट असेल तर खुशाल वळसा घाला. दिसला म्हणून मारला हे तुमच्या यजमानांच्या पेशात ठीक आहे, तुमच्या नाही.

याच कारणासाठी मी कडेकडेने जातो. जाळीच्या मधोमध असलेल्या नोडला सहा शेजारी असतात, कडेच्याला कमी, कोपऱ्यातल्याला त्याहून कमी. मधोमध फायरवॉल उघडली तर सगळा चौकच अडला. कडेला उघडली तर फार तर एक गल्ली. सुरुवातीला काहीच माहीत नसतं, तेव्हा ज्या जागी वाईट निघालं तर कमीत कमी नुकसान, त्या जागा आधी उघडायच्या. मधल्या भागात जायचं ते काहीतरी अंदाज बांधून.

तो अंदाज आकडे देतात. रिकाम्या नोडवर १ ते ५ मधला जो आकडा येतो, त्याकडे तुम्ही लक्ष देता की नाही हे पत्रात लिहिलेलं नाही, आणि मला दाट शंका आहे की देत नाही. आपल्या पिढीचा इथे एक घोटाळा होतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माइनस्वीपर खेळून आपल्या डोक्यात बसलंय की आकडा म्हणजे धोका. इथे उलटं आहे. हा आकडा सांगतो की सगळ्यांत जवळची ‘कामाची’ गोष्ट किती पावलांवर दडली आहे. कामाची म्हणजे युटिलिटी, डेटा कॅश किंवा खुद्द कोअर. बचाव-नोड यात मोजलेच जात नाहीत. १ आला तर शेजारीच काहीतरी आहे. ५ म्हणजे पाच किंवा त्याहून लांब, त्या बाजूला सध्या फिरकू नका. ३, मग २, मग १ असं उतरत गेलं की तुम्ही बरोबर चाललाय. फक्त एवढंच की टोकाला कोअरच असेल असं नाही, डेटा कॅशही निघू शकते.

डेटा कॅश म्हणजे लग्नात आलेलं बंद पाकीट. आत युटिलिटी निघेल, नाहीतर बचाव-नोड. मी ती शेवटपर्यंत ठेवतो. कोअर सापडला, तो आहे त्या कोहेरन्सवर फुटतोय, तर पाकीट उघडायचं कशाला? सगळे रस्ते बंद झाले किंवा कोअरसाठी बळ कमी पडतंय असं हिशेबाने दिसलं, तरच उघडायचं. कॅश दिसली की लगेच फोडणारे पुष्कळ आहेत, आणि अर्ध्या वेळा त्यातून दुसरा वैद्य बाहेर येतो.

आता युटिलिटी. कॅरममध्ये राणी घेतली की कव्हर लागतं, आणि कव्हरची सोंगटी आधीच हेरून ठेवलेली असावी लागते. तसं इथे. हातात तीनच जागा आहेत, तेव्हा कुठली कशासाठी हे आधीच ठरलेलं बरं. कर्नेल रॉट समोरच्याचा कोहेरन्स सरळ अर्ध्यावर आणते, म्हणून ती जितक्या मोठ्या नोडवर वापराल तितका फायदा. लाल कोअरसाठी ती राखून ठेवा, हे माझं ठाम मत. अपवाद एकच, वैद्य आणि दुसरा कुणी एकदम उघडे पडले तर ती वैद्यावर खर्च करा. ८० चा वैद्य ४० वर आला की तुमच्या दोन टोल्यांचा. सेकंडरी व्हेक्टर तीन खेळ्या दर खेळीला २० कुरतडते, तीही वैद्यावर छान बसते : एकीकडे ती खाते, एकीकडे तुम्ही मारता, दोन-तीन टोल्यांत काम होतं. पॉलिमॉर्फिक शील्ड पुढचे दोन वार अडवते, ती अँटीव्हायरससमोर किंवा कोअरसमोर. १० चा मार असलेल्या नोडवर शील्ड वापरणं म्हणजे रिमझिमीत नवी छत्री मोडून घेणं. राहिली सेल्फ रिपेअर, ती थोडा थोडा कोहेरन्स तीन खेळ्या देते. ती साठवून ठेवून मरणारे मी बघितलेत. मोठ्या झुंजीच्या आधी लावून टाका.

थोडं सामानाबद्दल. टोल्यांचा हिशेब पायऱ्यांनी चालतो हे लक्षात आलं असेल. ६० च्या नोडला २० ची स्ट्रेंग्थ असली काय नि २५ ची असली काय, टोले तीनच. पण ३० झाली की दोन. म्हणून वरच्या, दुसऱ्या पायरीचा रेलिक अ‍ॅनलायझर हा मोठा बदल आहे : स्ट्रेंग्थ ३०, कोहेरन्स ६०, आणि हेरॉनचे ५ वर. त्यासाठी आर्किऑलॉजी पाचव्या लेव्हलला लागते, आणि ती मिळायला बरेच दिवस जातात. आजच रांगेत टाका. ट्रेनिंग तुम्ही कामावर असतानाही चालू राहतं, हा या खेळाचा मोठेपणा. तोवर एमिशन स्कोप शार्पनर नावाची रिग (जहाजाला बसवायचा जोड) बसवा. साधीने कोहेरन्स १० ने वाढतो. वर केलेल्या हिशेबात शेवटी जे १० उरत होते, त्यांचे २० होतात आणि बहुतेक डबे नेमके त्या दहात अडकलेले असतात.

आणि एक कार्गो स्कॅनर घ्या. तो डब्याच्या आत काय आहे हे हॅक करण्याआधी दाखवतो. हे माहीत नसल्यामुळे आपण रद्दीसाठी जिवाचा आटापिटा करतो. पाचांतले चार फुटले म्हणालात. त्या चारांत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे का? मला विचाराल तर कदाचित दोनच डबे हात लावण्यासारखे असतील. इंटॅक्ट आर्मर प्लेट्स दिसल्या तर घाम गाळा, त्या दुसऱ्या पायरीच्या रिगांमध्ये लागतात आणि जिता या खेळातल्या मोठ्या बाजारात चांगल्या जातात. नाहीतर पुढच्या डब्याकडे वळा. डबा सोडून देण्यात कमीपणा नाही. मात्र सोडायचा तो सुरू करण्याआधी. मधेच खिडकी बंद केलीत तर तो प्रयत्न फसला असंच धरलं जातं, आणि दुसऱ्यांदा फसलं की डबा फुटतो.

आता घाई. ताई, या जाळीला घड्याळ नाही. घोस्ट साइटची गोष्ट वेगळी, पण तुमच्या नेहमीच्या पडक्या साइटवर दोन टोल्यांमध्ये तुम्ही दूध उतू जातंय का बघून आलात तरी कुठलाही नोड हलत नाही. घाई जाळीत नाही, ती खुर्चीमागे उभी आहे.

तिचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नाही. मी एकदा ०.० मध्ये, म्हणजे खेळातल्या बिनकायद्याच्या भागात, लाल कोअरवर शेवटचा टोला मोजत बसलो होतो, १५ उरतात की ५, या विवंचनेत. कोअर फुटला, मी खूश होऊन खिडकी बाजूला केली तेव्हा कळलं की माझं जहाज आधीच जळतंय. लूट उघडायलाही मिळाली नाही. तेव्हा भीती खरी आहे, पण एकाच माणसाने टोले मोजायचे आणि रस्त्यावर नजरही ठेवायची हे जमत नाही. तुम्ही तर दोघं आहात! यजमानांना खुर्चीमागून उठवा, त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवा, त्याच सिस्टिममध्ये एखादं साधं जहाज घेऊन. त्यांचं काम डी-स्कॅनचं, म्हणजे आसपास कोण आहे ते दाखवणाऱ्या रडारचं, बटण दाबत राहणं. साडेचौदा एयूच्या (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर) किंचित आतपर्यंतचं त्यात दिसतं, आणि त्यात प्रोब (दुसऱ्याने शोधासाठी सोडलेलं यंत्र) किंवा अनोळखी जहाज दिसलं तर त्यांनी एकच शब्द बोलायचा : ‘निघ.’ ‘मार, मार’ बंद. ‘निघ’ ऐकलं की तुम्ही हिशेब सोडून, डबा सोडून पळायचं, वाद घालायचा नाही. तो शब्द येत नाही तोवर तुमच्याकडे हवा तेवढा वेळ आहे.

आणि रात्री साडेबाराला गर्दी नसते हे तुम्हाला कुणी सांगितलं? कोल्हापुरात नसेल. या खेळाचं घड्याळ यूटीसीवर चालतं. आपले साडेबारा म्हणजे तिथले संध्याकाळचे सात, म्हणजे युरोपातली मंडळी कामावरून येऊन नुकती खेळायला बसलेली. दिवसातली सगळ्यांत मोठी गर्दी साधारण त्याच सुमाराला असते. तुम्ही नेमक्या लक्ष्मी रोडच्या दिवाळीत शिरून शांतपणे खरेदी करायला बघताय. सर्व्हर रोज यूटीसी अकराला थोडा वेळ बंद होतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला. तो पुन्हा सुरू झाल्यानंतरचा तास-दीड तास मला त्यातल्या त्यात निवांत वाटतो. रोज जमणार नाही, पण शनिवार-रविवारी पाच वाजता चहा घेऊन बसून बघा.

सरावासाठी आठवडाभर हायसेकमधल्या, म्हणजे त्यातल्या त्यात सुरक्षित भागातल्या, ‘क्रम्बलिंग’ नावाच्या साइट करा. लूट किरकोळ असते, म्हणूनच त्या बऱ्या. डबा फुटला तरी जीव जळत नाही, आणि लक्ष पैशाकडून जाळीकडे येतं. प्रत्येक हरलेल्या डब्यानंतर एका ओळीत लिहा, शेवटी समोर कोण उभं होतं आणि त्याच्या आधी तुम्ही कुणाला मारत होता. दहा-बारा ओळी झाल्या की मला पाठवा. माझा अंदाज आहे की निम्म्या ओळींत वैद्य जिवंत सापडेल. तसं नसलं तर मी चुकलो, पुन्हा बसून बघू.

ता. क. : वर्महोलमध्ये (अंतराळातल्या भोकातून पलीकडच्या अनोळखी भागात) जात असाल तर साइटचं नाव वाचा. ‘क्रम्बलिंग’, ‘डिकेड’, ‘रुइन्ड’ अशी पडझडीची नावं असली तर तिथे गोळी घालायला कुणी राखणदार बसलेला नसतो. ‘फरगॉटन’ किंवा ‘अनसिक्युअर्ड’ असं काही दिसलं तर तिथे स्लीपर ड्रोन आहेत, आणि ते हेरॉनला हॅकिंगची खिडकी उघडायलाही देत नाहीत. ती साइट यजमानांना दाखवा. तिथे ‘मार, मार’ चालतं.